दिलेले दान केव्हा पूर्ण होते? : जंगम मालमत्तेच्या देणगीचा कायदा

दरवर्षी या अहवालाच्या अखेरीस देणगीदारांची नामावली प्रसिद्ध होते. ती छापखान्यात जाण्यापूर्वी लेखा विभागातील नोंदींशी ताडून पाहण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे असते. हे काम करताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते, ती अशी की, नामावलीत यावयास हवी होती अशी काही नावे दरवर्षी मागे राहतात. त्यांच्या मनात द्यावयाचे होते, घरच्या मंडळींना त्यांनी तसे सांगितले होते, कित्येकदा चारचौघांत जाहीरही केले होते; परंतु कायद्याच्या दृष्टीने देणे घडलेच नव्हते. ‘आबांची इच्छा होती’ एवढेच वारस सांगू शकतात, आणि त्या इच्छेवर पावती फाडता येत नाही. यास्तव, विश्वस्त मंडळाच्या सूचनेवरून, देणगी कायद्याने केव्हा पूर्ण होते याविषयी चार शब्द लिहीत आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वकील नव्हे. म्हणून मोठ्या व्यवहारात वकिलांचा सल्ला घ्यावाच, हे आरंभीच नमूद करतो.

आपल्याकडे दानाचा मूळ कायदा म्हणजे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२. त्याच्या कलम १२२ मध्ये दानाची व्याख्या आहे. आज अस्तित्वात असलेली एखादी मालमत्ता दात्याने स्वखुषीने व मोबदल्याविना दुसऱ्यास द्यावी, आणि त्या दुसऱ्याने ती स्वीकारावी, म्हणजे दान झाले. हा स्वीकार दात्याच्या हयातीत आणि तो देण्यास समर्थ असतानाच झाला पाहिजे. पुढील कलम १२३ दान कोणत्या रीतीने करावयाचे ते सांगते. स्थावराचे दान म्हटले की दोन साक्षीदारांच्या सह्यांचे नोंदणीकृत बक्षीसपत्र अपरिहार्य. त्यावाचून घर वा शेत दिले जात नाही. जंगम मालमत्तेला मात्र दोन वाटा मोकळ्या आहेत : नोंदणीकृत दस्त करावा, किंवा वस्तू प्रत्यक्ष सुपूर्द करावी. नुसत्या बोलण्याने, नुसत्या साध्या कागदावर लिहून ठेवण्याने किंवा सत्कारसमारंभात टाळ्यांच्या गजरात केलेल्या घोषणेने जंगम वस्तूची मालकी बदलत नाही. दानास हेतू लागतो, सुपूर्दगी लागते आणि स्वीकार लागतो. यांपैकी एक जरी राहिले तरी वस्तू दात्याचीच राहते आणि त्याच्या पश्चात वारसांची होते.

सुपूर्दगी म्हणजे वस्तू हातात ठेवणे, एवढाच अर्थ नाही. मालविक्रीत ज्या रीतीने मालाचा ताबा दिला जातो, त्या रीतीने दानातही देता येतो, असे कायदा म्हणतो. जिनिंगमध्ये ठेवलेल्या कापसाच्या गाठी कोणी रुग्णालयास देऊ केल्या, तर त्या गाठी उचलून रुग्णालयाच्या आवारात आणून टाकण्याची गरज नाही. आता या गाठी आपण रुग्णालयाच्या वतीने सांभाळीत आहोत, असे जिनिंगच्या मालकाने कळविले की पुरे. गोदामाची किल्ली देणे हीही सुपूर्दगीच. परंतु प्रत्येक वस्तूची सुपूर्दगी त्या वस्तूच्या प्रकृतीप्रमाणे व्हावी लागते, आणि नेमक्या याच ठिकाणी आपल्या भागात घोटाळा होतो. त्याचे सर्वांत चांगले उदाहरण जळगाव जिल्ह्यातच आहे.

१९४५ साली अमळनेर येथे महंमद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तूप तयार करणारी कंपनी स्थापन केली. तिचेच पुढे विप्रो झाले. त्या काळी गावातील अनेक कुटुंबांनी या कारखान्याचे समभाग घेतले आणि त्यांतील पुष्कळांनी ते पिढ्यान्पिढ्या विकले नाहीत. बोनस व विभाजन होत होत त्या जुन्या कागदांचे मोल कोठल्या कोठे गेले, ही कथा खानदेशात सर्वांना ठाऊक आहे. अशा घरातील एखाद्या वृद्धाने पेटीतील समभागपत्र काढून नातवाच्या हाती ठेवले आणि ‘हे तुझे’ असे म्हटले, तर दान झाले काय? सोन्याची अंगठी असती तर झाले असते. समभागाचे तसे नाही. समभाग हा कागद नव्हे. तो कंपनीतील हक्क आहे आणि कागद हा केवळ त्याचा दाखला आहे. दाखला दिल्याने हक्क जात नाही. हक्क देण्यासाठी हस्तांतरण अर्जावर मालकाची सही लागत असे.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा १९७४ सालचा एक निर्णय बोधप्रद आहे. शेलत प्रकरण म्हणून तो ओळखला जातो. एका महिलेने नोंदणीकृत बक्षीसपत्र करून आपले समभाग दिले, समभागपत्रे हवाली केली आणि कोऱ्या हस्तांतरण अर्जांवर सह्याही करून ठेवल्या. कंपन्यांच्या नोंदवहीत नवे नाव लागण्यापूर्वीच ती वारली. वारसांनी आक्षेप घेतला की, नोंदवहीत नाव नाही, तेव्हा दान अपुरे. न्यायालयाने तो मानला नाही. दात्याच्या हातून जे जे होणे आवश्यक होते ते सर्व झालेले होते. कंपनीच्या वहीतील नोंद ही कंपनी व समभागधारक यांच्यामधली बाब आहे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. अर्थात दात्याने आपल्याकडून करावयाचे काही शिल्लक ठेवले नव्हते, म्हणूनच हे दान टिकले. पेटीतील समभागपत्र नुसते हाती ठेवणाऱ्या आजोबांचे टिकणार नाही.

१ एप्रिल २०१९ पासून तर कागदी समभागांचे हस्तांतरणच बंद झाले आहे. वारसाहक्काने नाव लावून घेणे तेवढे शक्य आहे. देऊ इच्छिणाऱ्याने प्रथम ते समभाग आपल्या डीमॅट खात्यात जमा करून घ्यावेत आणि नंतर सूचनापत्र भरून स्वीकारणाऱ्याच्या खात्यात पाठवावेत. आता हीच सुपूर्दगी. सात वर्षे सलग लाभांश मागितला गेला नाही, तर असे समभाग गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात, व तेथून परत मिळविण्याची खटपट वेगळीच. जुन्या पेट्या एकदा उघडून पाहाव्यात, ही माझी अमळनेरकडील स्नेह्यांना नेहमीची विनंती असते.

त्याच घराण्यातील अझीम प्रेमजी यांनी केलेले दान जगप्रसिद्ध आहे. पण त्यातील कायद्याची बाजू फारशी कोणी पाहत नाही. डिसेंबर २०१० मध्ये त्यांनी सुमारे २१ कोटी ३० लक्ष समभाग, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे ८,८४६ कोटी रुपयांची जंगम मालमत्ता, शैक्षणिक कार्यासाठी न्यासाकडे वर्ग केली. मार्च २०१९ मध्ये आणखी ३४ टक्के समभागांचा आर्थिक लाभ त्याच कार्यास कायमचा अर्पण केल्याचे जाहीर झाले. त्याची किंमत सुमारे ५२,७५० कोटी रुपये होती. एकात समभागच गेले. दुसऱ्यात समभागांपासून होणारा लाभ गेला. दोन्ही वेळी सोडलेला हक्क परत घेता येणार नाही असाच सोडला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आपल्याकडील दात्यांनी रकमेचा आकडा पाहून दिपून जाण्याऐवजी ही काटेकोर पद्धत उचलली, तर पाच हजारांची देणगीही तितकीच पक्की होईल.

जंगम कशास म्हणावे, याविषयी शेतकरी बांधवांकडून वारंवार विचारणा होते. जमीन, तिच्याशी कायमचे जोडलेले बांधकाम, विहीर हे स्थावर. परंतु उभे पीक, गवत आणि तोडीला आलेले लाकूड यांस कायदा स्थावर मानीत नाही. म्हणून रावेर-यावलकडील केळीच्या बागेतील तयार घड किंवा शिरपूर-शिंदखेड्याकडील शेतात फुटलेला कापूस रुग्णालयास देण्यासाठी दुय्यम निबंधकाकडे जावे लागत नाही. माल काढून तोलून द्यावा, की झाले. मात्र ‘पुढच्या हंगामाचा दहावा हिस्सा’ हे दान नव्हे. अद्याप जे जन्माला आलेच नाही त्याचे दान कलम १२४ प्रमाणे निरर्थक ठरते. असे आश्वासन हा दात्याच्या प्रामाणिकपणाचा विषय आहे, आणि खानदेशातील शेतकऱ्याचा शब्द सहसा खाली पडत नाही, हेही मी अनुभवाने सांगतो. परंतु पाऊस पडला नाही तर आम्ही त्या शब्दावर दावा सांगू शकत नाही, सांगणारही नाही.

येथे विनोबांचे स्मरण होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, हे आपल्या जिल्ह्यांचे भाग्य. पुढे १९५१ साली भूदान आणि १९५२ साली संपत्तिदान ही आंदोलने त्यांनी सुरू केली. संपत्तिदानात दात्याने आपल्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा दरसाल समाजासाठी काढावयाचा, पैसा मात्र त्याच्याच हाती राहावयाचा आणि हिशेब द्यावयाचा, अशी योजना होती. नैतिकदृष्ट्या याहून उंच कल्पना विरळा. परंतु १८८२ च्या कायद्याच्या दृष्टीने ते दान नव्हते, कारण सुपूर्दगी नव्हती व मालमत्ताही भविष्यातील होती. त्याची हमी दात्याच्या अंतःकरणावरच. भूदानातील जमिनींसाठी तर निरनिराळ्या राज्यांना स्वतंत्र कायदे करावे लागले.

मग इमारत निधीसाठी आकडा घातलेल्या वर्गणीचे काय? वर्गणीचा नुसता आकडा घालणे म्हणजे दान नव्हे, आणि मोबदला नसल्यामुळे तो करारही नव्हे. परंतु यास एक अपवाद आहे. हावडा येथे टाऊन हॉल बांधण्यासाठी एका गृहस्थाने शंभर रुपयांचा आकडा घातला व नंतर ते देण्याचे नाकारले. १८८६ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने ते वसूल करण्यास अनुमती दिली, कारण अशा आकड्यांवर विसंबून कंत्राटदाराला काम देण्यात आले होते आणि ही गोष्ट आकडा घालणाऱ्यास ठाऊक होती. उलट, मशिदीच्या दुरुस्तीसाठी कबूल केलेल्या पाचशे रुपयांबाबत अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९१४ साली वसुलीस नकार दिला, कारण त्या शब्दावर विसंबून कोणतेही काम सुरू झालेले नव्हते. आपल्या रुग्णालयाने आकड्यासाठी कोणावर दावा लावावा, असे मला वाटत नाही. सांगावयाचे ते इतकेच की, नव्या कक्षाच्या कामाचा आदेश आपण आकड्यांच्या यादीवर देत नाही, जमा रकमेवर देतो. त्यामुळे कामास विलंब होतो, अशी तक्रार काही हितचिंतक करतात. ती मला मान्य आहे आणि विलंबही मान्य आहे.

आता रुग्णांच्या नातेवाइकांसाठी सर्वांत महत्त्वाचा भाग. रुग्णालयात वस्तू हातोहात फिरतात. शस्त्रक्रियेपूर्वी पोत, पाटल्या, गोठ काढून परिचारिकेकडे दिले जातात, घड्याळ शेजारच्या खाटेवरील माणसाकडे, आणि पैशांचा बटवा धाकट्या सुनेकडे. ही सुपूर्दगी आहे; दान नव्हे. येथे हेतू सांभाळण्याचा आहे. कायद्यात यास निक्षेप म्हणतात, आणि ज्याच्याकडे वस्तू ठेवली त्याने ती शहाण्या माणसाने स्वतःची वस्तू सांभाळावी तितक्या काळजीने सांभाळून परत करावयाची असते. ‘आईने माझ्याच हातात दिली, म्हणजे माझीच’ हा युक्तिवाद आमच्या बाह्य दालनात अनेकदा ऐकू येतो. त्यात तथ्य नसते. याकरिता दागिन्यांची यादी करून दोघांच्या सह्या घेण्याची आपली पद्धत आहे. शस्त्रक्रियेच्या घाईत नातेवाइकांना ती नकोशी वाटते. तरी त्यांनी ती पूर्ण करू द्यावी.

परंतु आजारी माणूस खरोखरच देण्याच्या हेतूने वस्तू देतो तेव्हा काय? भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम १९१ मध्ये याचा विचार आहे, आणि मरणोन्मुख अवस्थेतील अशी भेट हिंदू कायद्याच्या प्रमाण ग्रंथांनीही मान्य केली आहे. मृत्यू समीप आला असे वाटून, ‘या दुखण्यात मी गेलो तर हे तू ठेव’ अशा बुद्धीने रुग्णाने जंगम वस्तूचा ताबा दुसऱ्यास दिला, तर तो त्या दुखण्याने दगावल्यावर ती भेट पक्की होते. तो बरा झाला तर भेट रद्द होते. जिवंत आहे तोवर त्यास ती केव्हाही परत मागता येते. स्वीकारणारा आधी वारला, तरीही ती संपते. घर वा जमीन अशा रीतीने देता येत नाही.

या कलमाखाली कायद्यानेच दिलेली उदाहरणे मला फार बोलकी वाटतात. एकात आजारी मनुष्य पेटीची किल्ली देतो, पेटीतील वस्तूंवर ताबा मिळावा अशा हेतूने. ती भेट टिकते. दुसऱ्यात तो वस्तूंची वेगवेगळी पुडकी करून त्यांवर ज्याची त्याची नावे लिहून ठेवतो, पण हयातीत ती कोणास देत नाही. त्या नावांच्या माणसांना काहीही मिळत नाही. आपल्या घराघरांतील कपाटांत अशी नावे लिहिलेली किती पुडकी असतील! ज्यांना आपल्या पश्चात वाटणी व्हावी असे वाटते, त्यांनी पुडक्यांवर चिठ्ठ्या लावण्याऐवजी दोन साक्षीदारांसमक्ष मृत्युपत्र करावे. त्यास नोंदणीची सक्ती नाही व मुद्रांकही लागत नाही.

मुस्लीम बांधवांच्या ‘हिबा’ला १८८२ च्या कायद्यातील दानाचे नियम लागू नाहीत. घोषणा, स्वीकार आणि ताबा ही त्याची तीन अंगे. तोंडी हिबाही चालतो. मात्र मृत्युशय्येवरून केलेल्या दानास सामान्यतः मालमत्तेच्या एक तृतीयांशाची मर्यादा पडते.

रुग्णशय्येवरील दानाविषयी रुग्णालयाची स्वतःची भूमिका येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. दाखल असलेल्या रुग्णाकडून, तो कितीही आग्रह करो, आपण देणगी स्वीकारीत नाही. घरी गेल्यावर पंधरा दिवसांनी त्याने यावे असे सांगतो. काही जणांस यात अनादर वाटला आहे. कारण असे की, वय वा आजार यांमुळे ज्याचे मन दुबळे झाले आहे, त्याच्यावर वर्चस्व असलेल्या पक्षाने लाभ घेतला तर तो अनुचित प्रभाव मानला जातो आणि दान रद्द होऊ शकते. प्रभाव नव्हता हे सिद्ध करण्याचा भार अशा वेळी लाभ घेणाऱ्यावर येऊ शकतो. ज्याच्या हातात सलाइनची नळी आहे त्याच्याकडून रुग्णालयाने बांगडी घ्यावी आणि उद्या मुलांनी विचारले तर आम्ही मुक्त संमती सिद्ध करीत बसावे, हे संस्थेच्या नावास शोभणारे नाही. कायदा बाजूला ठेवला तरी शोभणारे नाही.

दागिन्यांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारणे आमचे कर्तव्य असते : ते कोणाचे? पत्नीचे वा आईचे स्त्रीधन हे तिचे संपूर्ण मालकीचे असते, पतीकडे ते असले तरी तो केवळ सांभाळणारा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले. तेव्हा यजमानांनी कितीही उदार मनाने पत्नीच्या पाटल्या पुढे केल्या, तरी आम्ही वहिनींची सही मागतो. वहिनी आनंदाने करतात, असा बहुतेक वेळचा अनुभव आहे. एखादे वेळी करीत नाहीत, आणि तेव्हा मागितली हे बरे झाले असे वाटते.

पैशाच्या देणगीत धनादेशाचा गैरसमज मोठा आहे. धनादेश म्हणजे पैसा नव्हे, तो बँकेला दिलेला आदेश आहे. तो वटेपर्यंत रक्कम दात्याच्याच खात्यात, त्याच्याच मालकीची असते. दात्याच्या मृत्यूची सूचना बँकेस मिळाली की बँक असा धनादेश वटवीत नाही. म्हणून धनादेशावर पुढील वाढदिवसाची तारीख घालण्याची जी हौस आहे, ती कृपया आवरावी. मुदत ठेवीची पावती रुग्णालयाच्या हाती आणून देणे हेही दान नव्हे. ठेव मोडून रक्कम द्यावी लागते.

‘नॉमिनी म्हणून संस्थेचे नाव घातले आहे’ असेही काही जण सांगतात. नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निर्णयात समभागांच्या नॉमिनीस मालक मानले गेल्याने काही काळ संभ्रम होता. पुढे त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये, साळगावकर कुटुंबाच्या प्रकरणात, नॉमिनी हा केवळ कंपनीकडून समभाग ताब्यात घेणारा असून खरा हक्क वारसांचा वा मृत्युपत्राप्रमाणे ज्याचा त्याचा, हे स्पष्ट केले. बँकेतील ठेवींनाही हेच तत्त्व लागू. संस्थेस काही ठेवावयाचे असेल तर ते मृत्युपत्रात लिहावे.

वाहने व उपकरणे यांविषयी थोडक्यात. रुग्णवाहिका दिली, किल्ल्या दिल्या, छायाचित्र निघाले, तरी परिवहन कार्यालयात नाव बदलेपर्यंत दात्याने निश्चिंत होऊ नये. अपघात झाला तर ज्याच्या नावे वाहन नोंदलेले, तोच भरपाईस जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे. एमएच-१९ असो वा एमएच-१८, हस्तांतरणाचे अर्ज देणगीच्या दिवशीच सही करून घेतले जातात व विमाही बदलून घेतला जातो. व्यवसायातून निवृत्त होणारे डॉक्टर जुने सोनोग्राफी यंत्र देऊ करतात. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यान्वये असे यंत्र, मोबदला घेऊन अथवा न घेता, नोंदणीकृत केंद्राखेरीज कोणासही देता येत नाही. तेव्हा जिल्हा शल्य चिकित्सकांकडील कागदपत्रे पूर्ण झाल्यावाचून टेम्पो पाठवू नये. उरलेली औषधे आणून देणाऱ्यांच्या भावनेचा आदर आहे, पण उघडलेली व साठवणुकीची खात्री नसलेली औषधे आम्ही घेऊ शकत नाही.

परदेशस्थ खानदेशी मंडळींनी एक ध्यानात ठेवावे. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी विदेशी मानली जात नाही. परंतु दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेल्याची, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी, देणगी विदेशी अंशदान ठरते. ते पैशात असो वा यंत्राच्या रूपात, त्यास केंद्र शासनाची नोंदणी वा पूर्वपरवानगी लागते. पाठविण्यापूर्वी पत्र टाकावे.

आयकराबाबत प्रश्न फार येतात, उत्तर मात्र लहान आहे. ‘८० जी’ म्हणून ओळखली जाणारी सवलत फक्त पैशाच्या देणगीस मिळते. खाटा, धान्य, दागिने यांस नाही. दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीसही ती मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीचा पर्याय घेणाऱ्यांस तर मुळीच नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या २०२५ च्या आयकर अधिनियमात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुन्या क्रमांकावरून गोंधळू नये. एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लक्ष वा अधिक रोख रक्कम घेण्यास संस्थेला मनाई आहे. गुप्तदानाची आपल्याकडे थोर परंपरा आहे. कायदा मात्र निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की त्यांवर तीस टक्के कर लावतो. नामावलीत नाव नको असेल तर ते छापले जाणार नाही, पण आमच्या वहीत ते असू द्यावे.

स्वीकाराचा मुद्दा विश्वस्तांसाठी आहे. दाता देण्यास समर्थ असतानाच स्वीकार व्हावा लागत असल्याने, विश्वस्तांच्या तिमाही बैठकीची वाट पाहणे धोक्याचे होते. म्हणून ठराविक मर्यादेपर्यंतच्या जंगम देणग्या त्याच दिवशी स्वीकारण्याचा अधिकार व्यवस्थापकास ठरावाने दिलेला आहे. ज्या देणगीसोबत कर्ज, थकबाकी वा जाचक अट येते ती मात्र मंडळासमोर जाते, व नाकारलीही जाते.

अटींविषयी दात्यांनी आधीच बोलावे. एकदा पूर्ण झालेले दान मन बदलले म्हणून परत घेता येत नाही. दात्याच्या मर्जीस येईल तेव्हा परत घेता येईल, अशा अटीचे दान तर तेवढ्या अंशी आरंभापासूनच निरर्थक. रक्कम कायम निधीत राहावी व केवळ व्याज खर्च व्हावे असे वाटत असेल, तर देतानाच तसे लेखी द्यावे. नंतर दिलेले पत्र उपयोगी पडत नाही.

मुलाबाळांना सर्व देऊन टाकणाऱ्या वृद्धांसाठी मात्र २००७ च्या ज्येष्ठ नागरिक अधिनियमाने एक दार उघडे ठेवले आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, स्थावर असो वा जंगम, सांभाळ न झाल्यास प्रांताधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणामार्फत परत मिळू शकते. ती अट दस्तातच स्पष्ट लिहिलेली असावी. आमच्या सामान्य कक्षातून घरी नेण्यास कोणी न आलेल्या वृद्धांना समाजसेवा अधीक्षक हे कलम वाचून दाखवितात.

देहदानाची विचारणाही याच टेबलावर होते. देह ही कोणाची मालमत्ता नव्हे, म्हणून वरील कायदा तेथे लागू नाही. त्यासाठी १९४९ चा महाराष्ट्र शरीररचनाशास्त्र अधिनियम आहे. धुळ्याच्या व जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत शरीररचनाशास्त्र विभागाकडे संकल्पपत्र भरता येते. पण देह पोहोचवावयाचा तो घरच्यांनीच, काही तासांच्या आत. तेव्हा संकल्पपत्राची एक प्रत मुलांच्या हाती आजच द्यावी, आणि विभागाचा दूरध्वनी क्रमांक तिच्या मागे लिहून ठेवावा.